बारचिनोयचा पहिला रकाना

आमच्या असाक्यात मूल जन्मलं की आधी त्याचं नाव ठेवतात आणि चहा यायच्या आत ते पुढे कारखान्याच्या कुठल्या खात्यात लागेल यावर बोलणं सुरू होतं. गावाच्या कडेला मोटारींचा कारखाना, आणि गावातल्या प्रत्येक दारापुढे तिथूनच निघालेली पांढरी गाडी. लग्नाच्या गर्दीत कुणाची गाडी कोणती हे कळत नसल्यामुळे लोक चुकून भलत्याच गाडीत बसतात आणि भलत्याच लग्नात जेवून येतात. मी स्वतः दोनदा जेवलो आहे. दोन्हीकडचा पुलाव चांगला होता, म्हणून तक्रार केली नाही.

अशा गावात आमच्या भिंतीपलीकडच्या बारचिनोयने वयाच्या सदतिसाव्या वर्षी विद्यापीठात जायचं ठरवलं, आणि अर्जाच्या पहिल्या रकान्यात वाहन अभियांत्रिकी लिहायचं की यंत्र अभियांत्रिकी, यावर ती अडून बसली. त्या उन्हाळ्यात गल्लीचे दोन गट पडले. मी दोन्ही गटांत होतो. माझी बायको मौजुदा म्हणते, "यांचं मत हवं असेल तर आधी यांच्यासमोर कोण बसलंय ते बघा."

बारचिनोय ओळखायला सोपी. उंच, काटकुळी, आणि डोक्याच्या रुमालात कानाच्या वर शिंप्यांचा खडू खोवलेला. मोठ्या कारखान्याला सीटची कव्हरं शिवून देणारं झोहिदजोनचं छोटं युनिट आहे, पन्नासेक बायका तिथे शिवतात, त्यात ती दहा वर्षं होती. तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. इतर कुणाची मशीन अडली की मिस्त्रीला हाक जाते. तिच्या आसपासची अडली की मिस्त्री अर्ध्या वाटेतूनच परत फिरतो, कारण तो पोचेपर्यंत ही झाकण उघडून आत डोकं घालून बसलेली असते.

गल्लीतही तेच. आमचा पाण्याचा पंप, मौजुदाचं खिम्याचं यंत्र, पंख्याचं गिअर, असं माझ्या घरातलं काय काय तिने नीट केलं. एकदा मौजुदाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे?" बारचिनोय, जी मौजुदाला ओपा म्हणजे ताई म्हणते, माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "ओपा, या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत."

ती शाळेत भौतिकशास्त्रात पहिली होती हे तिच्या माहेरचे लोक अजून सांगतात. एकोणिसाव्या वर्षी सून होऊन आमच्या गल्लीत आली, तेव्हा सामानात अंदिजानच्या विद्यापीठाच्या प्रवेशाचा कागद होता. त्या शरद ऋतूत ती विद्यापीठात गेली नाही. कागदाचं काय झालं? सासूने, हनिफाखालाने, तो पहिल्याच आठवड्यात तंदूरमध्ये टाकला आणि त्यावर रोट्या भाजल्या, असं गल्लीत म्हणतात. मी म्हणत नाही. मी फक्त ऐकतो आणि पुढे सांगतो.

पण एवढं ऐकून खालाला कुणी कजाग समजू नये. दोघींचं चांगलं जमतं. नवरा ताहिरजोन मालाची गाडी घेऊन आठवड्यातले पाच दिवस बाहेर, आणि घरी असला तरी बोलतो इतकं कमी की त्याची गाडी त्याच्यापेक्षा जास्त बोलते. त्यामुळे घर म्हणजे सासू, सून आणि दोन मुलं. खाला आमच्या भागात गाजर चिरण्यासाठी प्रसिद्ध. लग्नाच्या पुलावासाठी आदल्या दिवशी दुपारी शेजारीपाजारी सुऱ्या घेऊन जमतात, पन्नास-साठ किलो गाजराच्या लांब, बारीक काड्या करतात, आणि त्या तीन-चार तासांत गल्लीतल्या सगळ्या संसारांचंही चिरणं होऊन जातं. खाला दोन्ही कामांत पटाईत. मग एका वर्षी तिचं मनगट सुजलं. ती गाजराच्या ढिगाजवळ नुसती हात मांडीत घेऊन बसली आणि तिचं बोलणंसुद्धा थांबलं. हात चालला नाही तर तिची जीभ चालत नसे.

त्याच हिवाळ्यात बारचिनोयने गाजर चिरायचं यंत्र केलं. भंगारातल्या गाडीच्या काच पुसायच्या दांडीची मोटर, एक लोखंडी तबकडी, तिच्यावर चार पाती, वर प्लास्टिकची बादली. "आई, तुम्ही फक्त गाजरं टाकायची," ती म्हणाली, "आणि बोलत राहायचं." यंत्राने खालाच्या रोजच्या जेवणापुरतं दोन किलो गाजर छान चिरलं. खाला बोलायला लागली. आम्हाला ते दोन दिवसांत ऐकू आलं.

यंत्राची बातमी झोहिदजोनपर्यंत पोचली. माणूस वाईट नाही, फक्त सदा घाईत. त्याने बारचिनोयला बोलावून सांगितलं, "नोकरी सांभाळून शिकायची सोय आता आहे. परीक्षा दे, वाहन अभियांत्रिकीला जा. मोठ्या कारखान्याचे लोक आले की विचारतात, तुमच्याकडे वाहन अभियंता कोण? मी मिस्त्रीकडे बोट दाखवतो आणि तो शिंकरतो. तू पदवी घे, मी तुला पर्यवेक्षक करतो. वर्षातून दोनदा महिनाभर विद्यापीठात बसावं लागतं ना, ती रजाही देतो."

अठरा वर्षांनी कुणीतरी स्वतःहून तिच्यापुढे विद्यापीठाचं दार उघडून धरलं होतं. दुसरी कुणी असती तर चप्पल न घालता धावली असती. बारचिनोय घरी आली, अर्ज उघडला आणि पहिल्या रकान्यापाशीच अडली. अर्जात पाच रकाने असतात. ज्याची सगळ्यात जास्त इच्छा ते पहिल्यात. तेवढे गुण मिळाले तर तेच मिळतं, नाहीतर दुसऱ्याचा विचार. यंत्र आणि वाहन, दोन्हींची परीक्षा एकच, गणित आणि भौतिक. म्हणजे जे काही ठरायचं ते पहिल्या रकान्यातच ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी व्हॅन धूत होतो. अंदिजान-असाका प्रवासी नेतो मी. ती भिंतीवरून म्हणाली, "तोलिब आका, तुम्ही वीस वर्षं गाडी चालवताय. गाडीबद्दल काय कळलं तुम्हाला?"

"पेट्रोल संपलं की थांबते."

"मस्करी नाही. वाहन घेतलं तर मी गाडी शिकेन. यंत्र घेतलं तर गाडीसुद्धा शिकेन आणि बाकीचंही."

"बाकीचं म्हणजे?"

"पंप. खिम्याचं यंत्र. शिवायची मशीन. गाजर."

"बाई, गाजर शिकायला लोक विद्यापीठात जात नाहीत, बाजारात जातात. असाक्यात राहून गाडी सोडून दुसरं काही शिकणं म्हणजे नदीकाठी राहून विहीर खणणं. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणजे तुम्हीच ना? मग आत्ताच सांगून टाका."

मी सांगितलं नाही, कारण समोर ती उभी होती. संध्याकाळी चहाखान्यात मात्र मी सगळ्यांना सांगितलं की झोहिदजोनसारखा देवमाणूस पर्यवेक्षकाची खुर्ची देतोय आणि ही पंप दुरुस्त करायची पदवी मागतेय. सगळे हसले. ते हसणं दुसऱ्या दिवशी तिच्यापर्यंत पोचलं असणार, कारण तिने आठवडाभर माझ्या पंपाकडे पाहिलं नाही, आणि मला हाताने पाणी उपसावं लागलं.

आता माझ्या चुकीकडे येतो. गल्लीत ही गोष्ट सांगताना सगळे बारचिनोयची चूक म्हणतात, पण चूक माझी होती.

जुलैत माझ्या धाकट्या लेकीचं, शहलोचं लग्न होतं. पहाटेच्या पुलावाला तीनशे पुरुष येणार होते. आदल्या दिवशी साठ किलो गाजर चिरायचं होतं. मला वाटलं, असा काहीतरी थाट करावा की लोकांनी वर्षभर बोलावं. मी जाहीर केलं की या वेळी सुऱ्या आणू नका, आमच्याकडे यंत्र आहे.

बारचिनोय लगेच आली. "आका, मी दोन किलोवर चालवून पाहिलंय. साठ किलोवर नाही."

"दोन किलोला जमतं ते साठ किलोला का नाही जमणार? तीस वेळा चालव."

"तसं नसतं."

"मग कसं असतं?"

तिने हवेतच बोटांनी काहीतरी कापल्यासारखं करून दाखवलं. हे मला नंतर आठवलं. तिला आतून काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. मी त्याला भित्रेपणा समजलो आणि म्हणालो, "तुझं यंत्र माझ्या पोरीच्या लग्नाला चालत नसेल तर विद्यापीठात काय सांगशील?" हे बोलायला नको होतं. ती यंत्र घेऊन आली.

पुलाव रांधायला एर्गश उस्ता होता. आमच्या भागात त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. त्याने यंत्राला एक फेरी मारली. "गाजराला असं काय झालंय," त्याने विचारलं, "की त्याला ऑपरेशन लागावं?"

यंत्राने साठ किलो गाजर पाऊण तासात चिरलं. मी टाळ्या वाजवल्या. पण सवयीने सुऱ्या घेऊन आलेले वीस शेजारी अंगणात तसेच बसून राहिले. हातात काही नाही, समोर काही नाही. कुणी चहा प्यायलं, कुणी घड्याळ पाहिलं. एका बाईने मौजुदाच्या बहिणीच्या सुनेचा विषय काढला आणि अर्ध्यातच सोडून दिला. तासाभरात सगळे घरी. माझ्या आयुष्यात गाजर चिरण्याची इतकी मुकी दुपार मी पाहिली नाही. खाला जाताना म्हणाली, "काय रे तोलिब, लग्न आहे की मौत?"

संध्याकाळी उस्ताने गाजरांच्या परातीत हात घातला आणि काढला. हात ओला होता. परातीच्या तळाशी बोटभर पाणी जमलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी आकाशाकडे.

पहाटे जे व्हायचं ते झालं. गाजराच्या काड्या तेलात पडल्या आणि मोडल्या, त्यांचं पाणी तांदळात गेलं, आणि दाणा सुटा राहण्याऐवजी सगळ्याचा गुरगुट्या भात झाला. आमच्याकडे पुलाव हाताने खातात. त्या पहाटे माझ्या व्याह्याने, अतिशय सभ्यपणे, चमचा मागितला. मी आणून दिला. मग आणखी चौघांनी मागितला. दात नसलेल्या मामासोली बाबांनी मात्र तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाले, "असा पुलाव मी तरुणपणीसुद्धा खाल्ला नव्हता." तो दिवसभरातला एकमेव आशीर्वाद.

झोहिदजोन पाहुण्यांत होता. जाताना बारचिनोयच्या दाराशी थांबून म्हणाला, "पाहिलंस? गाजराच्या नादाने हे होतं. गाडी शिक. शुक्रवारी अर्ज बंद होतात. पहिल्या रकान्यात वाहन असेल तर खुर्ची तुझी आणि रजाही. नसेल तर मला रजा देता येणार नाही, स्पष्ट सांगतो. तीस दिवस तुझी मशीन रिकामी कशी ठेवू?"

दुसरी कुणी असती तर दोन महिने तोंड लपवून बसली असती. मी स्वतः आठवडाभर मागच्या गल्लीने व्हॅन नेत होतो. बारचिनोय काय करते? दुपारी वही घेऊन आमच्या अंगणात येते, जिथे उस्ता कढई घासत शिव्या देत बसला होता, आणि त्याच्यासमोर एक गाजर ठेवते.

"उस्ता, चिरून दाखवा."

"आता?"

"हळू. माझ्यासाठी."

उस्ताचा राग तिच्या चेहऱ्याकडे पाहून निम्मा उतरला. त्याने सुरी घेतली. "तुझं यंत्र गाजराला दाबतं. दाबलं की ते रडतं. सुरी दाबायची नसते, ओढायची असते. अशी. पुढे जाता जाता खाली जाते. आणि गाजराच्या रेषांच्या दिशेने, उभी, आडवी नाही."

"किती तिरकी धरायची?"

"हात म्हणेल तेवढी."

"हाताला आकडा नसतो का?"

"माझ्या हाताला नाही. तुझ्या विद्यापीठात कुणाच्या हाताला असला तर विचारून ये आणि मलाही सांग. चाळीस वर्षं चिरतोय, मलाही कळू दे."

तिने उस्ताचा हात वहीत काढला. सुरीची रेघ काढली, गाजराच्या रेषा काढल्या, आणि मध्ये एक कोन काढून त्यात प्रश्नचिन्ह टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आका, माफ करा. पण आता मला कळलं मी कशाला अडून बसले होते."

मी मान हलवली.

शुक्रवारी संध्याकाळी मी आणि मौजुदा त्यांच्या पराती परत द्यायला गेलो. खरं सांगायचं तर पराती सकाळीही देता आल्या असत्या. द्राक्षांच्या मांडवाखाली खाला बसली होती, ताहिरजोन बसला होता, आणि बारचिनोय मांडीवर फोन घेऊन अर्ज उघडून बसली होती. पाचही रकाने रिकामे होते. पहिलाही.

"काय अडलंय, पोरी?" खालाने विचारलं.

"वाहन लिहिलं तर पर्यवेक्षक होते, आई. रजा मिळते. यंत्र लिहिलं तर प्रत्येक सत्राला काम सोडून जावं लागेल. परत घेतील की नाही माहीत नाही. घेतलं तर नव्यासारखं घेतील, दाराजवळच्या थंड रांगेत."

"आणि त्या दिवशी गाजर का फुटलं ते कुठल्यात शिकवतात?"

"यंत्रात."

खालाने सुजलेलं मनगट दुसऱ्या हाताने चोळलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तोलिब, गल्लीत म्हणतात की मी हिचा प्रवेशाचा कागद तंदूरमध्ये टाकला. कोण म्हणतं रे?"

"लोक म्हणतात, खाला."

"लोकांना सांग, टाकला नाही. गादीखाली ठेवला." ती थांबली. "आणि ते बरं होतं असं समजू नकोस. टाकला असता तर विसरून तरी गेले असते. दर वसंतात गाद्या उन्हात घालते, दर वसंतात तो तिथे असतो. घडी बदलते आणि परत ठेवते. अठरा वेळा ठेवला."

बारचिनोयने वर पाहिलं नाही. बोटाने फोनच्या काचेवरची धूळ पुसत राहिली, धूळ नव्हतीच.

"माहीत होतं, आई," ती म्हणाली. "गाद्यांची दुसरी बाजू मीच झाडते."

मौजुदा धुतलेल्या पराती पुन्हा पुसायला लागली. मीसुद्धा एक पुसली, ही नोंद घ्यावी. मग ताहिरजोन बोलला. त्या वर्षातलं त्याचं ते तिसरं वाक्य असेल. "दाराजवळ थंडी वाजते," तो म्हणाला, "मी लोकरीचे मोजे आणीन कोकंदहून."

खालाने दोन्ही तळहात वर उघडले, ओठांतल्या ओठांत आशीर्वाद म्हटला आणि हात चेहऱ्यावरून फिरवले. आम्हीही फिरवले. बारचिनोयने पहिल्या रकान्यात यंत्र अभियांत्रिकी लिहिलं. दुसऱ्यात वाहन. बाकीचे तीन तसेच सोडले. मग झोहिदजोनला फोन लावला आणि एका दमात सांगून टाकलं. पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, मी मान लांब करूनही. पण फोन ठेवताना तिचा चेहरा पांढरा होता.

गुण मिळाले. पहिलाच रकाना मिळाला. रजा मिळाली नाही.

पुढची दोन वर्षं तिने कशी काढली ते मी पाहिलंय, कारण सत्राच्या दिवसांत ती माझ्याच व्हॅनमधून अंदिजानला जायची. पुढच्या सीटवर, मांडीवर आराखड्याचा कागद पसरून. मागचे प्रवासी म्हणायचे, आका, खड्डा चुकवा, बाईची रेघ हलेल. मी चुकवायचो. मी कधी कुणासाठी खड्डे चुकवले नव्हते. वर्गातली वीस-वीस वर्षांची पोरं तिला ओपा म्हणायची आणि तिच्या वहीतले आराखडे बिनदिक्कत उतरवून घ्यायची. सत्र संपलं की ती झोहिदजोनच्या युनिटात जाऊन नव्याने नाव घालायची. चार वेळा तिला नवीन कामगार म्हणून घेतलं. चार वेळा दाराजवळच्या रांगेत बसवलं, जिथे हिवाळ्यात सुईवर दव धरतं. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली पुढच्या रांगांत होत्या. एकीने एकदा तिच्यासमोर डोळे खाली घातले, तेव्हा बारचिनोय म्हणाली, "वर बघ, नाहीतर बोट शिवशील." मोजे मात्र खरंच आले. जाड, तपकिरी, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा.

मी तिला व्हॅनमध्ये कधीतरी चिडवायचो. "काय पर्यवेक्षक, काय म्हणतंय गाजर?" ती कागदावरून मान वर न करता म्हणायची, "गाजर म्हणतं, पुढे बघून चालवा."

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी झोहिदजोनने सीटच्या आतला स्पंज कापायचं यंत्र घेतलं. आधी तो बाहेरून कापून यायचा. यंत्र कापायचं, पण कड चुरगळायची. कव्हर चढवलं की सीट एका बाजूला दबलेली. मोठ्या कारखान्याने दोन खेपा परत पाठवल्या. मिस्त्रीने पातं बदललं, पुन्हा बदललं, मग शिंकरून बाजूला झाला.

बारचिनोय जेवणाच्या सुट्टीत पोळीचा तुकडा हातात धरून त्या यंत्रासमोर उभी राहिली. तीन दिवस, रोज अर्धा तास. चौथ्या दिवशी झोहिदजोनच्या दाराशी गेली.

"दाबतंय," ती म्हणाली.

"काय?"

"पातं सरळ खाली येतंय. स्पंज दबतो आणि मग तुटतो. ते खाली येता येता बाजूलाही सरकायला हवं. पातं तिरकं बसवायचं आणि एक पट्टी जोडायची. मी आराखडा केलाय. कोनाचा हिशेब मागच्या पानावर आहे."

झोहिदजोनने वही उलटली. मागच्या पानावर जाण्याआधी त्याला एक जुनं पान दिसलं, ज्यावर म्हाताऱ्या माणसाचा हात होता, एक सुरी होती, आणि कोनातल्या प्रश्नचिन्हावर काट मारून तिथे आकडा लिहिलेला होता. त्याने तो आकडा बराच वेळ पाहिला असं त्याचा हिशेबनीस सांगतो. पट्टी दोन दिवसांत बसली. स्पंजाची कड पाण्यासारखी साफ आली. झोहिदजोन आभार मानत नाही, त्याच्या तोंडाला ती सवय नाही. त्याने फक्त तिच्या रांगेजवळच्या दाराला थंडीसाठी जाड पडदा लावून घेतला. पण तिची रांग दाराजवळचीच राहिली.

त्याच शरद ऋतूत त्याच्या मुलाचं लग्न ठरलं. आदल्या दिवशी गाजरासाठी आम्ही सगळे त्याच्या अंगणात जमलो, सुऱ्या घेऊन. मीही, अर्थात. बारचिनोय ताहिरजोनच्या गाडीत एक मोठं पिंप घालून घेऊन आली. आत खरखरीत पत्रा, बाजूला मोटर. गाजरं आणि पाणी आत टाकायचं, पाच मिनिटांत सोललेली बाहेर. पन्नास किलो सोलणं अर्ध्या तासात संपलं आणि सगळे चिरायला बसले.

"आणि चिरायचं यंत्र?" मी विचारलं. मला माहीत होतं की ते आता तिच्या घरी आहे, नव्या पात्यांचं, तिरकं. एर्गश उस्ताने स्वतः त्याचं गाजर बोटांत धरून, वाकवून, चावून पाहिलं होतं आणि काही बोलला नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. "ते का नाही आणलंस?"

"ते आईसाठी आहे," ती म्हणाली. "सोलायला कुणालाच आवडत नाही, आका. चिरायला सगळ्यांना आवडतं. तुमच्या अंगणात त्या दिवशी लोक हात मांडीवर ठेवून बसले होते, ते मी विसरले नाही."

समोर खाला बसली होती. मनगटाला पट्टी, हातात सुरी नाही. पण चारही बाजूंनी सुऱ्या चालू होत्या आणि मौजुदाच्या बहिणीच्या सुनेचा विषय, जो दोन वर्षांपूर्वी माझ्या अंगणात अर्धवट राहिला होता, तो खालाने तिथूनच उचलला होता.

यजमान असूनही झोहिदजोन सुरी घेऊन आला आणि आमच्या चिरायच्या पाटाशी बसला. एक गाजर घेतलं. सगळ्यांना वाटलं तो काहीतरी बोलणार, म्हणून सुऱ्या हळू झाल्या.

"पुढचं सत्र कधी?" त्याने पिंप धूत असलेल्या बारचिनोयला विचारलं.

"पंधरा जानेवारी."

"किती दिवस?"

"तीस."

त्याने अर्धं गाजर चिरलं. "तिसऱ्या रांगेतली खिडकीजवळची मशीन," तो गाजराकडेच बघत म्हणाला, "तीस दिवस कुणी बसणार नाही तिथे. झाकून ठेवायला सांगतो."

पाण्याचा आवाज थांबला. बारचिनोयने हात कपड्यांना पुसले, त्याच्या पाटाशी आली आणि त्याने चिरलेल्या काड्या बोटांनी पसरवून पाहिल्या.

"झोहिद आका, जाड होतंय," ती म्हणाली. "दाबू नका. ओढा."